पेवावरचं दार

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट आहे. गडावर राजा होता, गडाखाली गाव होतं, आणि भूक तेव्हाही दोघांना सारखीच लागत होती. लहानांनी ऐकावी म्हणून सांगते. मोठ्यांनी मात्र नीट कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांची आहे.

त्या गावात एक म्हातारी राहायची. तिला नाव होतं, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं कधीच जग सोडून गेली होती. सगळे तिला पेववाली म्हणत. गावाच्या मधोमध जमिनीत खोल खणलेलं पेव होतं, आतून लिंपलेलं, तोंड एक माणूस उतरेल एवढं. साऱ्या गावाचं पेरणीचं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून त्यात ठेवत. ते राखायचं काम म्हातारीचं. ना मूल, ना नातू. गाव हेच तिचं गणगोत.

तिच्या भिंतीला भिंत लावून हौसा राहायची. हौसाही एकटीच. दोघींच्या मधल्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. त्यातून सकाळी विस्तव जायचा, दुपारी कालवण यायचं, आणि दिवसभर दोघींची तोंडं चालायची. हौसा वाटीभर पीठ उसनं न्यायची आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर परत द्यायची. ना शीग चढवून जास्त, ना कमी. त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं. वाटी परत आली की पुन्हा न्यायला मोकळी, एवढंच.

त्या गावात एक रीत होती. कुणी कुणासाठी जामीन राहिलं, की त्यानं आपल्या घराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवायचं आणि उसनवारी फिटेपर्यंत परत बसवायचं नाही. जामिनाच्या घरात ज्याचं येणं आहे त्यानं केव्हाही यावं, हवं ते उचलावं. लपवाछपवी नको, म्हणून दारच नको. त्यामुळे त्या गावात जामीन राहायला फार थोडी माणसं पुढं यायची, आणि जी यायची त्यांचा शब्द चालायचा.

एका वर्षी परक्या राजानं गडाला वेढा घातला. आसपासची गावं लुटली, कोठारं जाळली. गडामागच्या जंगलात लपलेलं हे एक गाव तेवढं त्याच्या नजरेतून सुटलं. गडावरचं धान्य संपलं. शिपाई झाडांच्या साली चघळायला लागले, तेव्हा राजा स्वतः चोरवाटेनं खाली उतरला आणि भर दुपारी गावाच्या पारावर येऊन उभा राहिला. अंगावर शेला होता, पण गालाची हाडं वर आली होती.

"तुमच्या पेवात धान्य आहे, ते मला उसनं द्या," राजा म्हणाला. "ओढून नेऊ शकतो, पण नेणार नाही. मागतो आहे."

हे त्याचं चांगलं होतं. जे चांगलं ते चांगलंच म्हणायचं.

पण पेवात होतं ते बी. बी म्हणजे खायचं धान्य नव्हे. त्या गावची जमीन काळी. पावसाळाभर पाणी पिऊन बसायची, आणि हस्त सरला की तिच्यात ज्वारी पेरायची. ओल आहे तोवर बी पडलं तर पीक. ओल उडाली की त्या जमिनीला अशा भेगा पडायच्या की वासराचा पाय अडकावा. मग वर्षभर काही नाही.

पाटील घसा खाकरून म्हणाले, "महाराज, देऊ. पण हस्त महिन्यावर आलाय."

"गड सुटला की पहिले गाडे तुमच्याकडे," राजा म्हणाला.

हौसा मागून बोललीच. "गड सुटला आणि गाडे विसरले तर राजाला धरायचं कुठं? त्याचं घर केवढं, आमचा हात केवढा!"

कुणी हसलं, कुणी तिला गप्प केलं. राजाची मान खाली गेली. पेववालीनं ते पाहिलं. तिच्यात अभिमान पुष्कळ होता. राजा आपल्या पारावर उपाशी उभा आहे आणि आपलं गाव आढेवेढे घेतंय, हे तिला सोसवेना.

"मी राहते जामीन," ती म्हणाली. "महाराज, दोन गाडे बी आहे. दोन गाडेच परत द्या. दाणाही जास्त नको. पण जमिनीत ओल आहे तोवर द्या."

"दिला शब्द," राजा म्हणाला.

म्हातारीनं घराचं दार उतरवलं. पेव रिकामं झालं, तेव्हा पाटलांनी आणि आणखी दोघांनी ते दार उचलून पेवाच्या तोंडावर आडवं घातलं. पेव भरेल तेव्हा दार उठेल, अशी खूण.

त्या दिवशी कोनाड्यातून हौसा म्हणाली, "वारं येतंय का गं आत?"

"येऊ दे. वाऱ्याला काय न्यायचंय माझ्याकडून?"

"राजा देईल ना?"

"राजा आहे तो. तुझ्यासारखा वाटी घासून पुसून ठेवणारा नाही, पण देईल."

त्या दोन गाड्यांनी गडाचा जीव वाचला. शिपायांच्या पोटात अन्न गेलं, हातात बळ आलं, आणि वेढा उठला. हस्ताचा पाऊस अजून पडत होता.

आणि राजा विसरला नाही, बरं का. विसरला असता तर ही गोष्ट सोपी झाली असती. विसरणाऱ्याला आठवण करून देता येते. राजाला पक्कं आठवत होतं. वेढा उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं प्रधानाला बोलावून सांगितलं, "जिंकलेल्या छावणीत धान्य सापडलंय. त्यातले दोन गाडे आजच्या आज त्या गावी धाडा."

प्रधानानं कानाला हात लावला. "दोन गाडे? महाराज, ज्यांनी सिंहासन वाचवलं त्यांना घेतलं तेवढंच परत? तुमच्या आजोबांनी एकदा एका पाटलाचा घोडा उसना घेतला होता आणि हत्ती परत केला होता. घेतलं तेवढं वाणी परत देतो. राजानं दसपट द्यावं!"

राजाला ते गोड लागलं. कुणाला नाही लागत?

"खरं आहे," तो म्हणाला. "वीस गाडे देऊ. वाजतगाजत नेऊ. मी स्वतः पुढं चालेन."

"पण वीस गाडे आज नाहीत. सुगी होऊ द्या."

"होऊ द्या," राजा म्हणाला, आणि समाधानानं जेवायला गेला.

इकडे हस्त सरला. गाव रोज वाटेकडे बघायचं. ऊन तापायला लागलं आणि जमीन वरून पांढरी दिसायला लागली, तेव्हा पेववालीनं काठी घेतली आणि गड चढली.

दरवाज्यावर पहारेकऱ्यानं तिला ओळखलं. "आजी, तुमच्यासाठी काहीतरी मोठं चाललंय म्हणे वर!"

"मला मोठं नको, लेकरा. मला दोन गाडे हवेत, आणि आज हवेत."

राजानं तिला मानानं बसवलं, दूध दिलं. "आजी, थोडं थांबा. दसपट देणार आहे मी. प्रधान म्हणतात, माझ्या आजोबांनी उसन्या घोड्याला हत्ती परत केला होता. एवढंसं देऊन तुमचा अपमान नाही करायचा मला."

"माझा अपमान करा, महाराज," म्हातारी म्हणाली. "खुशाल करा. पण बी द्या."

दरबार हसला. राजाही हसला. म्हातारी मोठी गमतीची आहे, असं सगळ्यांना वाटलं. राजानं आपल्या अंगावरचा जरीचा शेला काढून तिच्या खांद्यावर घातला, आणि तिला सन्मानानं दरवाज्यापर्यंत पोचवलं. तिच्यामागं दरवाजा लागला. केवढा तो दरवाजा! सागाच्या फळ्या, लोखंडी खिळे, लावायला बारा माणसं. म्हातारी क्षणभर त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि मग उतरायला लागली.

गाव पारावर वाट बघत होतं. तिच्या खांद्यावरची जर उन्हात चमकली.

हौसानं शेला हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. "हा पेरला तर काय उगवतं गं?" म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती.

काही दिवसांनी जमिनीला पहिली भेग पडली.

मग माणसं जायला लागली. भांडण नाही, शिव्या नाहीत. त्यापेक्षा शिव्या बऱ्या. जिकडे काम मिळेल तिकडे, कुणी मिठागरांवर, कुणी दूर घाटाखाली दगडाच्या खाणीवर. जाताना रीतीप्रमाणं एकेक जण म्हातारीच्या दार नसलेल्या घरात यायचा, आणि आपल्या येण्यापोटी काहीतरी उचलायचा. एकानं तांब्याचा हंडा नेला. एकीनं जातं नेलं. पाटलांनी खुंटीवरची घोंगडी घेतली, आणि घेताना तिच्याकडे बघितलं नाही. म्हातारी उंबऱ्याशी बसून प्रत्येकाला म्हणायची, "ने बाबा. तुझंच आहे." आपली घरं मात्र सगळ्यांनी कड्या घालून नीट बंद केली, आणि "लक्ष ठेव गं" असं तिलाच सांगितलं. माणूस असं असतं.

सगळ्यात शेवटी हौसा निघाली. तिनं बोळकं पुढं केलं. "विस्तव दे. वाटेत चूल पेटवायला."

म्हातारीनं निखारे घातले. "आणि काय नेतेस? पाटा राहिलाय. खाट राहिलीय."

"काही नको."

"ने गं. तुझंही येणं आहे माझ्याकडे. रीत आहे."

"रीत मला शिकवू नकोस," हौसा फणकारली. "आज काही उचललं तर तुझं-माझं फिटलं. मग मी परत कशाला येऊ? राहू दे माझं येणं तुझ्याकडे. वसूल करायला येईन."

आणि ती गेली. बोळक्यातला धूर वळणापर्यंत दिसत होता.

माणसं गेली तसे कावळेही गेले. खरकटं नाही तिथं कावळा राहत नाही. एक तेवढा राहिला, लंगडा, एका पंखानं अधू. तो दार नसलेल्या घराच्या तुळईवर येऊन बसायचा. त्या काळी एकट्या माणसाला पक्ष्यांची बोली कळायची. अजूनही कळत असेल. विचारतंय कोण?

"गैरसमज नको," कावळा पहिल्याच दिवशी म्हणाला. "पंख धड असता तर मीही गेलो असतो."

"मेल्या, खरं बोललास म्हणून बस," म्हातारी म्हणाली. "खोटं बोलला असतास तर काठी घातली असती."

तिनं राजाचा शेला एका बुजगावण्याला नेसवला आणि भेगाळलेल्या शेतात उभं केलं. कावळा पोट धरून हसला. "शेतात दाणा नाही. मला कशापासून हाकलतेस?"

"तुला नाही," ती म्हणाली. "लांबून बघितलं तर कुणीतरी उभं आहे असं वाटतं."

कावळा हसायचा थांबला.

दिवस गेले, ऋतू गेले. म्हातारी नदीकाठी भाजीपाला लावायची, रानातली कंदमुळं खणायची, कशीबशी जगायची. आता विस्तव विझला तर मागायला शेजार नव्हता, म्हणून चुलीतला निखारा राखेखाली तान्ह्या पोरासारखा जपायची. पावसाची झड घरात यायची. कुत्री येऊन झोपायची, वाळकी पानं यायची. आली नाहीत ती माणसं. कधीकधी ती कोनाड्यात हात घालायची. पलीकडे हौसाच्या घरातला गार अंधार बोटांना लागायचा. ती हात तसाच ठेवायची, मग काढून घ्यायची.

"बाई, तूही जा की कुठंतरी," कावळा म्हणायचा.

"जामीन जात नाही. जामीन गेला तर परत येणाऱ्यानं विचारायचं कुणाला?"

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तू गप बस. तुला काय कळतं? तुझं येणंदेणं कुणाशी नाही."

इकडे गडावर काय चाललं होतं? राजा रोज त्या गावाची आठवण काढत होता! पहिल्या सुगीला वीस गाडे जमत आले, तर प्रधान म्हणाला, "एवढा उशीर झाला. आता दसपट थोडं दिसेल. तीसपट शोभेल." पुढच्या सुगीला राजकन्येचं लग्न निघालं. त्यापुढच्या वेळी उशीर आणखी वाढलेला, म्हणून देणगीही वाढवावी लागली. देणगी वाढली म्हणून पुन्हा उशीर. असं ते चक्र. मोठेपणा मिरवायला बसलं की माणूस साधी गोष्ट करायला लाजतो. दोन गाडे धाडायची राजाला लाज वाटत होती, आणि न धाडल्याची वाटत नव्हती. बघा, लाज कुठं असते आणि कुठं नसते!

शेवटी एका वर्षी, आश्विनात, गाडे निघाले. ऐंशी का नव्वद, मोजायला त्या वाटेवर कुणी नव्हतं. बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढं नगारे, पुढं घोड्यावर राजा. तो आता पोक्त झाला होता. कावळा धापा टाकत तुळईवर आला. "बाई, आले! राजा आला!"

म्हातारी चुलीपाशी होती. ती उठली नाही.

नगारे गावात शिरले आणि कुणी थांबवलं नाही तरी आपोआप थांबले. पाराला गवत. घरांना कड्या, कड्यांना गंज. शेतात झिजलेल्या शेल्यातलं बुजगावणं बघून एका शिपायानं लांबून मुजरा केला होता, तो आता मान खाली घालून उभा होता.

"लोक कुठं आहेत?" राजानं विचारलं.

उघड्या चौकटीतून म्हातारी बाहेर आली. "बी शोधायला गेले."

"आजी, मी आणलंय. चाळीसपट आणलंय!"

"पेव भरा," म्हातारी म्हणाली. "दार उचला आणि भरा."

शिपाई पुढं झाले, तशी ती ओरडली. "ज्यानं शब्द दिला त्यानं!"

राजा घोड्यावरून उतरला. त्यानं वाकून दार उचललं. पावसानं काळं पडलेलं, वाळवीनं कडा खाल्लेलं दार. खाली पेवाच्या भिंती ढासळल्या होत्या. राजानं आत डोकावून हाक मारली. त्याचीच हाक त्याला परत मिळाली. दुसरं काही आलं नाही.

तो तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "मी विसरलो नव्हतो, आजी."

"माहीत आहे." आता म्हातारी त्याला तुम्ही म्हणेना. "राजा, तू दोन गाडे बी नेलंस. पण ओल उडाल्या दिवसापासून तुझं देणं बियाचं राहिलं नाही. तू माझं गाव देणं लागतोस. ते आणलंयस का या गाड्यांत? घाल मग पेवात."

प्रधान पुढं आला. "म्हातारे, जिभेला आवर. महाराज जे देतायत ते मुकाट घे."

"तू तोच ना, हत्तीवाला?" म्हातारी म्हणाली, आणि प्रधान मागं सरला.

"मी काय करू?" राजानं विचारलं. या वेळी तो खरंच विचारत होता.

"आमच्याकडे जामिनाचं दार उतरतं. इतकी वर्षं मी तुझ्यासाठी जामीन राहिले. आता तूच तुझा जामीन राहा. गडाचा दरवाजा उतरव. गाव परत येईल तेव्हा बसव."

"शुद्धीवर आहेस का?" प्रधान किंचाळला. "शत्रू आत येईल!"

"येईल की. माझ्याकडे वारा आला, पाऊस आला, कुत्री आली. तुमच्याकडे शत्रू येईल. त्याला सांगा, थोडं थांब, तुला दसपट द्यायचंय म्हणून. थांबतो का बघा."

राजानं गाडे माघारी वळवले. गडावर परतल्यावर त्यानं दरवाजा उतरवला. सागाच्या फळ्या दगडांवर आडव्या पडल्या आणि गडाच्या तोंडातून वारा सरळ दरबारात शिरला.

आधी दरबारातले पडदे हलले, मग दरबारी हलले. प्रधानाला तीर्थयात्रा आठवली. सरदारांना आपापली दुखणी आठवली. दरवाजा नसलेल्या गडावर झोपायची कुणाची तयारी नव्हती. ओळीनं एकेक वाडा बंद झाला, कड्या लागल्या, आणि जाताना सगळे राजालाच सांगून गेले, "लक्ष असू द्या, महाराज." राजा मोकळ्या दरबारात बसायचा. वाळकी पानं आत यायची. पायऱ्यांवर काही वाजलं की तो मान वर करायचा. म्हातारी काय म्हणत होती ते तेव्हा त्याला कळलं. सांगून कळत नव्हतं ते वाऱ्यानं कळवलं.

त्यानं गावच्या माणसांना बोलवायला दवंडी पिटवली. कुणी आलं नाही. दवंडीवर विश्वास ठेवून कुणाचं पोट भरलंय? मग तो स्वतः निघाला. मिठागरांवर गेला, खाणींवर गेला. खाणीत एक बाई घण खाली न ठेवताच म्हणाली, "राजा? कुठला राजा? आमचा तर दसपट आणायला गेलाय, अजून यायचाय." राजानं ऐकून घेतलं. त्यानं घरागणिक बी बरोबर आणलं होतं. ज्याचं जेवढं नेलं तेवढंच, दाणाही जास्त नाही. "हस्त सरायच्या आत चला," एवढंच तो म्हणाला.

आणि हळूहळू गाव परत यायला लागलं. कड्या निघाल्या, धूर दिसला, कावळे आले. लंगडा कावळा तुळईवरून त्यांना शिव्या द्यायला लागला. कुणी हंडा परत आणून ठेवला, कुणी जातं. ढासळलेलं पेव पुन्हा लिंपलं. वेळेत पेरा झाला. ज्वारी गुडघ्याला आली, कमरेला आली. म्हातारी रोज वळणाकडे बघत बसायची.

सगळ्यात शेवटी पाटील आले. थकलेले, काठी टेकत. त्यांनी घोंगडी खुंटीला अडकवली आणि कमरेचं काहीतरी सोडून म्हातारीपुढं ठेवलं.

ते बोळकं होतं. रिकामं, आतून काळं.

"खाणीवर तापात गेली," पाटील म्हणाले. "राजाचे गाडे इथं आले त्याच्या आदल्या साली. सारखी म्हणत होती, तिच्याकडे माझं येणं आहे, मला जायचंय."

म्हातारीनं बोळकं उचललं. घरात गेली, त्यात निखारा घातला, आणि ते कोनाड्यातून पलीकडे सरकवलं. पलीकडे घ्यायला हात नव्हता. धूर थोडा वेळ त्या बंद घरात फिरला आणि राहिला.

काही दिवसांनी राजा आला. एकटाच, पायी. त्यानं नवं दार करून आणलं होतं, स्वतः डोक्यावर वाहून. त्यानंच ते बिजागऱ्यांवर बसवलं, लावून उघडून बघितलं. नीट बसलं होतं.

"आजी, फिटलं का माझं?" त्यानं विचारलं. "सगळी घरं उघडली ना?"

म्हातारीनं शेजारच्या घराकडे बोट केलं. कडी तशीच होती, गंजलेली.

राजानं जाऊन त्या कडीवर हात ठेवला. मग त्यानं विचारलं, "तिचं कुणी?"

"मी," म्हातारी म्हणाली.

तो खाली मान घालून गेला. म्हातारीनं नवीन दाराला हात लावला, पण ते तिनं त्या दिवशी लावलं नाही आणि नंतरही कधी लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "हौसाचं येणं राहिलंय."

आणि गड? गडाचा दरवाजाही पुन्हा बसला नाही. राजा म्हातारा झाला, तरी रोज त्या मोकळ्या तोंडाशी येऊन बसायचा. कुणाचं काही घेतलं असेल तर त्याच दिवशी, तेवढंच, हातानं द्यायचा. तिथं आता राजा नाही, दरबार नाही. भिंतीत लोखंडी बिजागऱ्या तेवढ्या आहेत, आणि त्यांच्यामधून वारा आत जातो.

म्हणून लक्षात ठेवा, घेतलं असेल तेवढंच द्या, पण वेळेत द्या. वेळ गेल्यावर डोंगराएवढं दिलं तरी ते दान होतं, फेड होत नाही.